जंजिऱ्याची गादी

ता. ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतील अनेक लहानमोठीं संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. त्या यादींत आमचें फलटण होतें आणि कोकणांतील जंजिराही होता. फलटणचा विस्तार ३९७ चौरस मैल, जंजिऱ्याचा सुमारें ३२४. १९०१ च्या शिरगणतींत फलटणची लोकसंख्या ४५,७३९ भरली व जंजिऱ्याची ८५,४१४. एक संस्थान महादेवाच्या डोंगराच्या उत्तरेस, बाणगंगेच्या कांठीं, जेथें पावसाची वाट पाहण्यांत अर्धें आयुष्य जातें तेथलें. दुसरें अशा ठिकाणचें कीं, त्याची राजधानीच मुळीं समुद्रांतील एका खडकावर उभी होती. अंत मात्र दोघांचा एकाच दिवशीं झाला.

जंजिऱ्याचें नांव निघालें कीं आपल्यांत एक ठराविक प्रश्न विचारला जातो : हा किल्ला कोणालाच कां घेतां आला नाहीं? उत्तरेंही ठरलेलीं आहेत. चहूंकडे खारें पाणी, भक्कम तट, एकाहून एक मोठे बुरूज, कलालबांगडीसारखी तोफ आणि तटाच्या आंत गोड्या पाण्याचीं तळीं. हीं उत्तरें खोटीं नाहींत. परंतु कोंडाण्यास कडे होते आणि विजापुरास तट होते, तरी तीं स्थळें पडलींच. तट आपण होऊन लढत नाहींत. आंत हुकूम कोणाचा चालतो, आणि तो हुकूम करणारा आज रात्रीं मेला तर उद्यां सकाळीं कोणाचा चालावयाचा, याचा उलगडा जेथें आधींच झालेला असतो तेथील तट टिकतात. म्हणून आज जंजिऱ्याचा विचार मी किल्ला म्हणून करणार नाहीं, राज्य म्हणून करणार आहें. त्याची गादी कोणास मिळत असे आणि कशी मिळत असे, एवढाच माझा विषय.

तुलनेसाठीं प्रथम घरचें उदाहरण घेऊं. फलटणचें नाईक निंबाळकर घराणें महाराष्ट्रांतील अतिशय जुन्या घराण्यांपैकीं एक. शिवाजीमहाराजांच्या पट्टराणी सईबाई याच घराण्यांतील, आणि पुढें महाराजांची कन्या सखूबाई याच घरांत सून म्हणून आल्या. बादशाह्या आल्या नि गेल्या, निंबाळकर फलटणांतच राहिले. वतनाचें बळ तें हेंच. रक्त आणि जमीन यांची गांठ सुटत नाहीं. पण या गांठींतच जमिनीवरच्या राज्याचें दुखणें असतें. पेशवाई गेल्यावर फलटण साताऱ्याच्या छत्रपतींच्या अंमलाखालीं आलें. १८२५ मध्यें साताऱ्यानें जहागिरीवर जप्ती आणली. १८२७ मध्यें ३०,००० रुपये नजराणा घेऊन बनाजी नाइकांस गादी दिली. दुसऱ्याच वर्षीं बनाजी वारले, पुन्हा जप्ती आली, आणि ती १८४१ पर्यंत उठली नाहीं. तेव्हां विधवा बाईसाहेबांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली, ती पुन्हा ३०,००० रुपये मोजून. म्हणजे सोळा वर्षांपैकीं जवळजवळ पंधरा वर्षें फलटणास स्वतःचा कारभार नव्हता, आणि त्याचें कारण लढाई नव्हे, दुष्काळ नव्हे. वंशांत मुलगा नव्हता, इतकेंच. त्या वेळीं दत्तक आलेले मुधोजीराव मात्र पुढें १९१६ पर्यंत हयात होते, ही दैवाची उलट बाजू.

आतां सह्याद्रि उतरून पलीकडे जाऊं.

‘जझीरा’ या अरबी शब्दाचा अर्थ बेट. त्याचाच मराठींत जंजिरा झाला. बेट आहे राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशीं. त्याच्या समोरच्या किनाऱ्यावर दंडा-राजपुरी आणि उत्तरेस मुरूड. या भागास आपले जुने लोक ‘हबसाण’ म्हणत, कारण येथील सत्ताधीश हबशी, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व भागांतून आलेले. ते सिद्दी म्हणवीत. मराठी कागदांत त्यांस ‘शामल’ असेंही म्हटलेलें आढळतें. प्रथम अहमदनगरच्या निजामशाहीचे आणि १६३६ मध्यें ती बुडाल्यावर विजापूरच्या आदिलशाहीचे ते चाकर झाले. जंजिऱ्यावरील मुख्यास वजीर म्हणत. किनारा राखावा, व्यापाराच्या गलबतांना आणि मक्केस जाणाऱ्या यात्रेकरूंना संरक्षण द्यावें, हें त्याचें काम. तो राजा नव्हता, तो अंमलदार होता, आणि अंमलदारी बापाकडून मुलाकडे आपोआप जात नाहीं.

जुन्या इतिहासलेखकांनीं या राज्याविषयीं एक गोष्ट मुद्दाम नमूद करून ठेविली आहे. जंजिऱ्याचा मुख्य मेला म्हणजे त्याच्या मुलास गादी मिळेलच असा नियम नसे. आरमारावरील पहिला अधिकारी त्याच्या जागीं यावयाचा, आणि प्रमुख सिद्दी सरदारांची त्यास मान्यता असावयाची. हिंदुस्थानांत त्या काळीं असें राज्य शोधून सांपडणें कठीण. हें कसें घडलें असावें, याचें उत्तर मला हबशांच्या पूर्वस्थितींत दिसतें. दक्षिणेंत आलेले हबशी बहुधा विकले गेलेले, मालकाच्या घरीं तलवार चालवावयास शिकलेले लोक होते. त्यांना येथें ना भाऊबंद, ना वतन, ना कुळाचा अभिमान मिरविण्याची जागा. मलिक अंबर हा असाच विकला गेलेला मुलगा, आणि तोच पुढें निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. ज्या समाजांत मोठेपण जन्मावरून न मिळतां हाताच्या कर्तबगारीवरून मिळतें, तेथें मुख्य निवडतांनाही तोच नियम सुचला तर नवल नाहीं. शिवाय बेटाची गरजही तशीच होती. डोंगरी मुलुखांत राजा अज्ञान असला तर कारभारी राज्य चालवितात. वादळांत सांपडलेल्या गलबतावर अज्ञान नाखवा चालत नाहीं.

मात्र यास लोकसत्ता समजण्याची चूक कोणी करूं नये. निवडणारे मूठभर, निवडला जाणारा त्यांच्यांतलाच. किनाऱ्यावर भात लावणाऱ्या कुणब्याला किंवा जाळें टाकणाऱ्या कोळ्याला गादीवर कोण बसला हें शेतसारा मागणारा माणूस बदलला म्हणजे कळे. या गोष्टीकडे पुढें पुन्हा यावयाचें आहे.

या पद्धतीचें खरें तेज दिसलें तें १६७० च्या सुमारास. जंजिऱ्यावर त्या वेळीं फत्तेखान होता. शिवाजीमहाराजांनीं समोरचा मुलूख आणि दंडा-राजपुरी घेतल्यावर बेटाची रसद आटत चालली. बेटाच्या राज्याचें हें मर्म लक्षांत ठेवण्यासारखें आहे : त्याला समुद्र राखतो, पण पोसते ती जमीन. खडकावर भात पिकत नाहीं. फत्तेखान तहास तयार झाला. तेव्हां सिद्दी संबळ, सिद्दी कासीम आणि सिद्दी खैर्यत या तिघांनीं त्यास कैद करून किल्ला आपल्या हातीं घेतला. येथपर्यंत ही एक साधी बंडाची हकीकत आहे. अशा हकीकती दक्षिणेच्या इतिहासांत रगड आहेत. पुढची गोष्ट निराळी. तिघांपैकीं कोणीच एकटा धनी झाला नाहीं. संबळ आरमाराचा मुख्य झाला, कासीम किल्ल्याचा किल्लेदार, आणि खैर्यत याजकडे जमिनीवरील मुलूख. बेटाचीं तीन अंगें, गलबतें, तट आणि किनारा, तीन हातांत वांटलीं गेलीं, आणि कोणत्याही एका हातास दुसऱ्यावांचून कांहीं करतां येईना. पुढें संबळ आणि कासीम यांच्यांत आरमाराच्या अधिकारावरून तेढ पडली खरी. पण आरमार कासीमकडे आलें आणि राज्य अभंग राहिलें. भांडण झालें तें दोन कर्त्या पुरुषांचें, दोन वारसांचें नव्हे.

त्यांचें दुसरें शहाणपण धनी निवडण्यांत होतें. विजापूर जवळ होतें आणि खंगत चाललें होतें. त्यांनीं औरंगजेबाचा आश्रय केला. बादशहानें याकूतखान हा किताब दिला आणि सुरतेच्या महसुलांतून नेमणूक करून दिली. पैसा सुरतेचा, धनी दिल्लीचा आणि मर्जी स्वतःची. धनी जितका दूर तितकी चाकरी सुखाची, हें बेटावरच्या माणसाला चांगलें कळतें. पावसाळ्यांत सिद्दीचें आरमार मुंबईच्या बंदरांत येऊन माझगांवास ठाण मांडी आणि इंग्रजांना तें मुकाट्यानें सोसावें लागे, कारण त्याला हांकून लावणें म्हणजे मोंगलांशीं वैर धरणें. महाराजांनीं जंजिऱ्याजवळच पद्मदुर्ग बांधला; १६७९ मध्यें खांदेरी घेतली, तर सिद्दीनें शेजारची उंदेरी बळकाविली. संभाजीमहाराजांनीं १६८२ च्या सुमारास खाडींत भर घालून बेटापर्यंत वाट करण्याचा उद्योग आरंभिला. तो तडीस गेला असता तर जंजिरा बेट राहता ना, आणि माझी खात्री आहे कीं, राज्यही राहतें ना. परंतु औरंगजेबाच्या स्वारीमुळें त्यांस तें काम सोडून परतावें लागलें. १६८९ मध्यें मोंगलांनीं रायगड घेतला, तोही सिद्दीच्या ताब्यांत गेला.

आतां किनाऱ्यावरील माणसांकडे वळूं. ज्या राज्यांत मुख्य निवडतांना गुण पाहिला जात होता, त्याच राज्यांत प्रजेच्या गुणास वाव नव्हता. श्रीवर्धनचे भट देशमुख हे हबसाणांतले वतनदार. सिद्दीच्या अंमलांत तेथें राहणें अशक्य होऊन त्यांच्यांतील बाळाजी विश्वनाथ घाट चढून वर आले. १७१३ मध्यें ते शाहूमहाराजांचे पेशवे झाले. चिपळूणजवळच्या परशुरामाच्या देवस्थानाचे ब्रह्मेंद्रस्वामी यांची हकीकत अशीच. १७२७ मध्यें सिद्दी सातानें तें देऊळ लुटलें आणि भ्रष्ट केलें. स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीस येऊन राहिले. शाहूमहाराज, बाजीराव, चिमाजीअप्पा, आंग्रे या सर्वांवर त्यांचें वजन, आणि सर्वांच्या मागें त्यांचें एकच टुमणें : शामलाचा बंदोबस्त करा. म्हणजे साताऱ्याच्या दरबारीं जंजिऱ्याचे जे दोन कट्टे शत्रु निर्माण झाले, ते दोन्ही जंजिऱ्यानेंच घरांतून हांकून पाठविलेले होते. सरदारांच्या सभेंत तीन-चार मतें ऐकून घेणाऱ्या राज्याला किनाऱ्यावरची तक्रार ऐकण्यास कान नव्हते, आणि त्याची किंमत त्यास भरावी लागली.

ती भरण्याची वेळ १७३३ मध्यें आली. मुख्य असलेला सिद्दी रसूल वारला. त्याला मुलगे पुष्कळ, आणि या वेळेपर्यंत बापाची गादी मुलास मिळावी ही भावना बेटावरही शिरली होती. भाऊ भावांवर उठले, थोरल्या मुलाचा खून झाला, आणि त्याचा मुलगा अब्दुल रहमान मराठ्यांच्या आश्रयास आला. ज्या तटाला तोफांनीं भोंक पडलें नव्हतें, तें घरच्या वारशाच्या भांडणानें पडलें. बाजीराव स्वतः कोकणांत उतरले, राजपुरीकडील ठाणीं आणि गलबतें मराठ्यांच्या हातीं आलीं, आणि त्याच मोहिमेंत प्रतिनिधींनीं रायगड परत घेतला. जंजिरा मात्र राहिला. याला दोष आपल्याच बाजूचा होता. पेशवे, प्रतिनिधी आणि आंग्रे यांचा मेळ बसेना, सेखोजी आंग्रे मध्येंच वारले, आणि मुंबईकर इंग्रज सिद्दीच्या साहाय्यास धांवले. एक राज्य गादीच्या भांडणानें दुबळें झालें असतां दुसरें मानाच्या भांडणानें त्याचा पुरता लाभ घेऊं शकलें नाहीं. वर्षाअखेरच्या तहानें अब्दुल रहमानास मान्यता मिळाली आणि हबसाणच्या महालांचा निम्मा भाग मराठ्यांकडे आला. सिद्दी सात १७३६ च्या एप्रिलांत चिमाजीअप्पांशीं लढतां लढतां पडला.

जुन्या पद्धतीची शेवटची चुणूक १७८४ नंतर दिसते. सिद्दी अब्दुल रहीम वारला. त्याचा वारस बाळूमियां लहान होता. किल्ल्यांतील लोकांनीं पाठिंबा दिला तो सिद्दी जोहारास. बाळूमियां पुण्यास आला. १७९१ मध्यें तह होऊन त्यानें जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांस लिहून दिला आणि त्याच्या बदला सुरतेजवळ सालीना ७५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख घेतला. तेंच पुढें सचीन संस्थान झालें. नाना फडणिसांच्या हातीं जंजिरा आला तो असा, कागदावर. जोहार किल्ल्यांत बसून राहिला, आणि बेट त्याचें तें त्याचेंच राहिलें. वारसाहक्क विकत घेतां आला, किल्ला आला नाहीं. रीतीप्रमाणें बाळूमियांच धनी होता, यांत शंका नाहीं; पण ज्या राज्यांत रीत म्हणजे सरदारांची पसंती, तेथें या रीतीस काय अर्थ?

इंग्रजांनीं जंजिरा तोफांनीं घेतला नाहीं. त्यांनीं त्यास हळूहळू नियमांत बसविलें. १८३४ मध्यें संस्थान इंग्रजी सत्तेच्या अधीन असल्याचें त्यांनीं जाहीर केलें आणि तेथील टांकसाळ बंद केली. तरी पुढें तीस-पस्तीस वर्षें आंतल्या कारभारांत कोणी फारसा हात घातला नाहीं. १८६८ च्या सुमारास फौजदारी न्यायाची अव्यवस्था इतकी झाली कीं, ते अधिकार नबाबाकडून काढून पोलिटिकल एजंटाकडे देण्यांत आले. वारसा मुसलमानी कायद्याप्रमाणें चालेल अशी सनद संस्थानास मिळाली, अकरा तोफांची सलामी ठरली, खंडणी मात्र कांहीं नव्हती. पाहा, किती सभ्य व्यवस्था! परंतु एका सनदेनें त्या राज्याचा प्राणच काढून घेतला. आतां आरमाराचा कोणी अधिकारी पुढें येऊन गादीवर बसणार नव्हता. आरमारच उरलें नव्हतें. नबाबाच्या मुलानेंच नबाब व्हावयाचें, मग तो कसाही असो.

दैवानें पुढचा नबाब चांगला निघाला. सिद्दी अहमदखान १८७९ मध्यें गादीवर आले आणि १९२२ पर्यंत त्यांची कारकीर्द चालली. त्यांनीं मुरूडास गारंबीचें पाणी आणलें. समुद्राकांठीं टेकडीवर त्यांच्या काळचा राजवाडा आहे. परंतु राजवाडा मुरूडास झाला, म्हणजे राज्य बेटावरून उतरून जमिनीवर आलें, ही गोष्ट डोळ्याआड करतां येत नाहीं. अहमदखान वारले तेव्हां त्यांचे पुत्र महंमदखान आठ वर्षांचे होते. १९३३ पर्यंत मातुश्री कुलसुम बेगम यांनीं त्यांच्या वतीनें कारभार पाहिला. संबळ, कासीम आणि खैर्यत यांना कोणी सांगितलें असतें कीं, जंजिऱ्याच्या गादीवर आठ वर्षांचें मूल बसेल आणि तरी कोणी किल्ल्याचे दरवाजे लावून घेणार नाहीं, तर त्यांनीं तें थट्टेवारी नेलें असतें. आतां गादीच्या पाठीशीं समुद्र नव्हता, मुंबई सरकार होतें. आणि मुंबई सरकारच्या पाठीशीं जें साम्राज्य होतें तें १९४७ च्या ऑगस्टांत निघून गेलें.

त्यानंतर फलटण आणि जंजिरा यांच्या वाटा थोड्या वेगळ्या झाल्या. फलटण, औंध, भोर, सांगली, दोन्ही मिरज, धाकटें कुरुंदवाड आणि रामदुर्ग अशा आठ संस्थानांनीं मिळून दक्षिणेचें एक संयुक्त संस्थान उभें करण्याचा प्रयत्न १९४७ मध्यें केला. तो अल्पायुषी ठरला, पण त्यामुळें विलीनीकरणाची बोलणीं समजुतीनें झालीं. फलटणचे राजे मालोजीराव पुढें मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळांत मंत्री झाले. जंजिऱ्याचा नबाब मात्र निर्णय लांबवीत राहिला. प्रजा बहुसंख्य हिंदु, तिला राज्यकारभारांत स्थान नाहीं, आणि शेजारच्या कुलाबा जिल्ह्यांत तर स्वराज्य आलेलें. १९४८ च्या जानेवारीअखेर महाडकडील नानासाहेब पुरोहित आणि मोहन धारिया यांच्या नेतृत्वाखालीं स्वयंसेवक संस्थानांत शिरले. ते गलबतांतून आले नाहींत. ते म्हसळ्याच्या बाजूनें, जमिनीवरून, पायीं आले. म्हसळें गेलें, श्रीवर्धन गेलें, आणि नबाबानें सत्ता सोडण्याचें मान्य केलें. ता. ३१ जानेवारी, म्हणजे महात्माजींच्या हत्येचा दुसरा दिवस, जंजिरा-मुक्तीचा दिन म्हणून त्या भागांत पाळला जातो. ज्या खाडींत दोन छत्रपतींचे आणि एका पेशव्याचे प्रयत्न थांबले, ती ओलांडण्याचें कारणच या लोकांना पडलें नाहीं. किल्ल्यावर ना कोणी चढलें, ना कोणी तो लढविला.

काठेवाडच्या किनाऱ्यावर जाफराबाद नांवाचा या संस्थानाचा एक तुकडा अठराव्या शतकापासून होता; तो आज गुजरातच्या अमरेली जिल्ह्यांत आहे. फलटण संस्थानाचा आज सातारा जिल्ह्यांतील एक तालुका आहे. जंजिऱ्याचे मुरूड, म्हसळें आणि श्रीवर्धन हे तीन तालुके पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांत गेले. आणि त्या जिल्ह्यास १९८१ मध्यें नवें नांव देण्यांत आलें तें रायगडाचें, जो किल्ला चव्वेचाळीस वर्षें सिद्दीच्या ताब्यांत होता.